घरची थ्रॉटल बॉडी आणि वीस मायक्रॉनचा हिशेब

इंजिनाचं वेड लागलेल्या माणसाला आज ना उद्या एक खूळ लागतंच: चार सिलिंडरला चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या तोट्या, बसवायच्या. बॉनेट उघडलं की एका ओळीत हवा ओढणारे चार कर्णे दिसले पाहिजेत, आणि पेडलला नुसता पाय लागला तरी इंजिन भुंकलं पाहिजे. तयार सेट परदेशातून येतात आणि त्यांची किंमत ऐकून बऱ्याच जुन्या गाडीवाल्यांचा उत्साह तिथेच मावळतो, कारण तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येते. मग लेथ आणि मिलिंग मशीन हाताशी असलेला माणूस ते चित्र जवळून बघतो. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात एक भोक, भोकात आडवा शाफ्ट, शाफ्टवर एक गोल चकती. एवढंच तर आहे, घरीच करू.

करता येतं. पण यातलं अवघड काम कुठे लपलंय हे आधी माहीत असलेलं बरं. पूर्ण उघडी असताना चांगली हवा देणारी थ्रॉटल बॉडी कुणीही बनवू शकतो. खरी परीक्षा ती बंद असताना होते, सिग्नलला उभं राहिल्यावर.

थ्रॉटल नेमकं काय करतं ते आधी पाहू. पेट्रोल इंजिनात पेडल दाबल्यावर आपण पेट्रोल वाढवत नाही, हवा वाढवतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आत किती हवा गेली याचा अंदाज घेऊन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या हिशेबाने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडतो. म्हणजे थ्रॉटल बॉडी ही हवेची तोटी. पेडलवरचा पाय काढला की ही तोटी जवळजवळ बंद होते, पण पिस्टन हवा ओढतच राहतात. त्यामुळे तोटीच्या अलीकडे वातावरणाचा दाब, म्हणजे साधारण १०० किलोपास्कल, आणि पलीकडे जेमतेम ३५, अशी परिस्थिती होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा त्रास त्याच्यातूनच निघतो.

बहुतेक गाड्यांत एकच थ्रॉटल असतं, त्यामागे हवेची एक पेटी, आणि पेटीतून चार नळ्या चार सिलिंडरांकडे जातात. पेडल दाबलं की आधी ती पेटी भरते, मग इंजिनाला कळतं. प्रत्येक सिलिंडरला वेगळं थ्रॉटल, तेही व्हॉल्व्हच्या जवळ, असेल तर मध्ये भरण्यासारखं काही उरतच नाही. पेडलला मिळणारं उत्तर तात्काळ असतं. कारखान्यांनीही हे केलंय: १९८९च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा सिलिंडरला सहा थ्रॉटल होती, टोयोटाच्या २० व्हॉल्व्हच्या ४ए-जीई इंजिनात चार, आणि बीएमडब्ल्यूच्या एम३मध्ये पहिल्या पिढीच्या चार सिलिंडरवर चार, तर २००० साली आलेल्या ई४६ला सहा. बाकी कंपन्या करत नाहीत याचं कारण खर्च आणि जुळवणीची कटकट. ताकद किती वाढते, असं लोक हमखास विचारतात. मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मूळ हेड (व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) ठेवून नुसती थ्रॉटल बदलली तर फार नाही. जी वाढते ती सरळ, सारख्या लांबीच्या नळ्यांमुळे. पैसे ताकदीसाठी खर्च करायचे असतील तर आधी हेड आणि कॅमकडे बघा. हे काम प्रतिसादासाठी, आणि खरं सांगायचं तर आवाजासाठी आहे.

भोक किती मिलिमीटरचं?

उदाहरणासाठी आपल्याकडे भरपूर सापडणारं इंजिन घेऊ: मारुतीचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं, जे एस्टीममध्ये आणि जिप्सी किंगमध्ये होतं. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ७४ मिमी, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५.५ मिमी. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर येतो. पिस्टन दोन्ही टोकांना थांबतो आणि मध्ये पळतो, त्यामुळे त्याचा सर्वांत जास्त वेग सरासरीच्या साधारण १.६ पट, म्हणजे २९ मीटरच्या आसपास. आता ७४ मिमीच्या सिलिंडरमधून ओढलेली हवा ४० मिमीच्या नळीतून यायची तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात तिला जवळपास साडेतीन पट वेगाने यावं लागतं. हिशेब ९९ मीटर प्रतिसेकंदावर येतो.

हाच हिशेब ३६ मिमीला १२२ वर जातो आणि ४५ मिमीला ७८ वर उतरतो. १०० मीटरच्या आसपासचा आकडा, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तीन दशांशाच्या जवळपास, हा रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणारा मध्यममार्ग समजा. त्याहून फार वर गेलं की वरच्या आरपीएमला दम लागतो. फार खाली आलं की खालच्या आरपीएमला हवा आळशी होते आणि पिकअप मरतो. मोठं भोक म्हणजे मोठी ताकद हा समज गॅरेजमध्ये फार पसरलेला आहे. या इंजिनाला ४५ मिमी लावणारे भेटतात, आणि तीन हजारांखाली गाडी ओढत नाही म्हणून तेच पुन्हा ईसीयूला दोष देतात. आपण ४० मिमी धरू.

पण हे ४० मिमी पूर्ण मिळत नाही. मधून ८ मिमीचा शाफ्ट आडवा जातो, आणि तो भोकाचं जवळजवळ पाव क्षेत्रफळ अडवतो. १२५७ चौरस मिमीपैकी ९४० च्या आसपास उरतात, म्हणजे साडेचौतीस मिमीच्या मोकळ्या भोकाएवढे. म्हणून शाफ्टच्या मधल्या भागात स्लिटिंग सॉने, म्हणजे पातळ गोल करवतीने, दीड मिमीची खाच पाडायची, चकती त्या खाचेत सरकवायची आणि मग शाफ्टचे दोन्ही गाल मिलिंगवर उतरवून एकूण जाडी ५ मिमीपर्यंत आणायची. अडथळा २५ टक्क्यांवरून १६ वर येतो. काहीजण खाच न पाडता शाफ्ट अर्धा छाटून चकती त्या सपाट भागावर स्क्रूने बसवतात. ते सोपं आहे, पण त्यात चकतीचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून पाऊण मिमी सरकतो. बंद होताना ती नीट न बसण्याचं ते एक कारण. खाचच बरी.

मग शाफ्टच नको, सरकणारी पट्टी का नको, असा प्रश्न येतो. शर्यतीच्या इंजिनांत सरकती पट्टी आणि फिरता गोल ड्रम असे दोन्ही प्रकार वापरले गेलेत. पूर्ण उघडल्यावर हवेच्या वाटेत काहीच उरत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण मघाचा दाबाचा फरक आठवा. १२५७ चौरस मिमीच्या पट्टीवर एका बाजूने १०० आणि दुसऱ्या बाजूने ३५ किलोपास्कल असेल तर तिच्यावर सव्वाआठ किलोचं वजन ठेवल्यासारखं होतं. चार पट्ट्या म्हणजे ३३ किलो, आणि हे सगळं घर्षणावर सरकवायचं. तिथे धुळीचा एक कण अडकला की थ्रॉटल उघडंच राहू शकतं. मधोमध शाफ्टवर फिरणाऱ्या चकतीवर हाच दाब तराजूच्या दोन पारड्यांसारखा दोन्हीकडे सारखा पडतो, म्हणून ती बोटानेही फिरते. घरच्या कामाला चकतीच.

बंद म्हणजे किती बंद?

१३०० सीसीचं इंजिन स्लोला, म्हणजे पेडलवर पाय नसताना, चालायला सेकंदाला दोनेक ग्रॅम हवा लागते. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून खाली असल्यामुळे कुठल्याही फटीतून हवा आवाजाच्या वेगाने आत घुसते आणि त्याहून जोरात जाऊ शकत नाही. याचा एक फायदा असा की हिशेब सोपा होतो: फटीच्या दर चौरस मिमीमागे सेकंदाला साधारण ०.२ ग्रॅम हवा. म्हणजे स्लोसाठी लागणारी सगळी हवा जेमतेम १० चौरस मिमीतून येते. चारही थ्रॉटल मिळून १० चौरस मिमी.

आता ४० मिमीच्या एका चकतीचा परीघ १२६ मिमी, चौघींचा मिळून ५०० च्या थोडा वर. १० ला ५०० ने भागा. चकती आणि बोअर (आता थ्रॉटल बॉडीचं भोक) यांच्यात सगळीकडून ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉनची फट राहिली तर स्लोची सगळी हवा तिथूनच आत जाते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. फट ४० मायक्रॉनची झाली की पेडलला हातही न लावता इंजिनाला दुप्पट हवा मिळते आणि स्लो खाली येईचना. एकच ५० मिमीचं थ्रॉटल असतं तर परीघ १५७ मिमी आणि हीच मुभा ६० मायक्रॉनच्या वर गेली असती. चार थ्रॉटल करण्याची किंमत ही अशी द्यावी लागते: चूक करायची सवलत तिपटीने घटते.

दुसरी गोष्ट, सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच चौरस मिमी येतात. एका चकतीची फट बाकीच्यांपेक्षा १० मायक्रॉनने जास्त असेल तर त्या सिलिंडरला सव्वा चौरस मिमी, म्हणजे निम्म्याने जास्त हवा मिळते. पेट्रोल मात्र सगळ्यांना सारखंच. तो सिलिंडर मिसिंग करणार, गाडी सिग्नलला थरथरणार, आणि मालक प्लग बदलत बसणार.

ड्रॉइंगवर आपण सवयीने ४० एच७ लिहून मोकळे होतो. एच७ म्हणजे भोक मापापेक्षा किती मोठं चालेल ते सांगणारी खूण. एच७ची सूट ० ते २५ मायक्रॉन. व्यासात २५ म्हणजे एका बाजूने साडेबारा, आणि चारही बोअर वरच्या हद्दीला गेले तर सहा चौरस मिमीची गळती. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे पास झालेला जॉब स्लोच्या साठ टक्के हवेवर पाणी सोडतो. म्हणून इथे ड्रॉइंगच्या सुटीवर भागत नाही. चकती आणि बोअर एकमेकांना जोडीने बसवावे लागतात, जोडीवर नंबर टाकावे लागतात, आणि नंतर अदलाबदल करायची नाही. मी साधारण १० मायक्रॉनची फट धरून चालतो. निम्मी हवा तिथून, उरलेली प्रत्येक बॉडीवरच्या, चकतीला वळसा घालून हवा सोडणाऱ्या छोट्या बायपास स्क्रूमधून. स्क्रू असला की थोडाफार फरक नंतर हाताने जुळवता येतो.

चकती गोल नसते हेही इथेच सांगायला हवं. नळीला अगदी काटकोनात बंद होणारी गोल चकती बोअरमध्ये पाचर मारल्यासारखी अडकते. म्हणून ती काटकोनाच्या आठेक अंश अलीकडेच टेकायला हवी, आणि तिरपी चकती गोल नळी बंद करते तेव्हा तिला लंबगोल असावं लागतं. शाफ्टच्या दिशेने ४० मिमी, आडव्या दिशेने ४०.३९. कडाही सरळ चालत नाही, त्याच आठ अंशांत उतरती हवी.

लंबगोल आणि उतरती कड हे ऐकून लोक थेट सीएनसीवाल्याकडे पळतात. साध्या लेथवर याची एक सुंदर युक्ती आहे. साडेचाळीस मिमीचा एक दांडा घ्यायचा, तो आठ अंशांच्या तिरक्या रेषेत कापायचा आणि दोन्ही तिरपे चेहरे मिलिंगवर सपाट करायचे. दीड मिमी पितळी पत्र्याचे चार ओबडधोबड तुकडे त्या दोन चेहऱ्यांमध्ये सँडविचसारखे धरायचे. ज्या दोन भोकांतून पुढे चकती शाफ्टला स्क्रूने बसणार आहे, त्याच भोकांतून दोन लांब स्क्रू घालून सगळं आवळायचं. मग दांडा चकात धरून, दुसऱ्या टोकाला सेंटर देऊन, दांडा आणि पत्रे एकाच कटात टर्न करत मापावर आणायचे. उघडून पाहिलं की चारही चकत्या लंबगोल, कडा आठ अंशांत उतरलेल्या, आणि चौघी एकाच मापाच्या. दांडा दोन्ही बाजूंनी कडेपर्यंत आधार देत असल्यामुळे बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी कोर, जवळपास येतच नाही. माप घ्यायला लंबगोल चकतीशी झटापटही करायची नाही: शेजारचा दांडा त्याच कटात उतरलेला असतो, त्यावर मायक्रोमीटर लावा. काळजी एकच घ्यायची: दोन स्क्रूंची रेषा तिरप्या चेहऱ्याच्या आखूड अक्षावर हवी, कारण शाफ्ट त्याच अक्षावरून जाणार आहे. ती चुकून लांब अक्षावर आली तर चारही चकत्या भंगारात.

म्हणून क्रम असा: आधी चकत्या, मग त्यांच्या मापाने बोअर.

लेथवर

बॉडीसाठी ६०८२ ॲल्युमिनियम घ्या, बाजारात अजून एचई-३० नावाने मागितलं की मिळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत ओतकाम करून देणारे आहेत, पण एका सेटसाठी पॅटर्न करण्यात अर्थ नाही, आणि ओतीव कामात बारीक छिद्रं निघाली तर गळती शोधताना वेड लागायची पाळी येते. अखंड ठोकळ्यातूनच काढा.

शाफ्टचं भोक आधी, ठोकळा भरीव असताना. ७.८ ड्रिल, मग भोक नेमक्या मापावर आणणारा ८ एच७ रीमर. बोअर आधी केला तर ड्रिल एका भिंतीतून निघून ४० मिमी पोकळीत झुलतं आणि समोरच्या भिंतीत मन मानेल तिथे शिरतं. शाफ्टचं भोक बोअरच्या बरोबर मध्यातून आणि बरोबर काटकोनात हवं. इथे चूक झाली तर वरची सगळी युक्ती वाया. शाफ्टला ८ मिमीचा ग्राउंड स्टेनलेस बार घ्या. बेअरिंग म्हणून नीडल रोलर (सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग) वापरत असाल तर एचके०८१० मिळतं, ८ आतला व्यास, १२ बाहेरचा, म्हणजे दोन्ही टोकांना भोक मोठं करून घ्यावं लागेल. नीडल बेअरिंगमधून हवा मस्त गळते, शेजारी सील हवंच. आपण मायक्रॉन मोजतोय आणि शाफ्टच्या टोकातून हवा शिट्टी वाजवत आत जातेय, असं बऱ्याच घरगुती सेटमध्ये दिसतं.

बोअर करताना तीन गोष्टी छळतात. पहिली चक. तीन जबड्यांत पातळ भिंतीचा जॉब आवळला की तो तीन ठिकाणी दाबला जातो. बोअर त्या दाबलेल्या अवस्थेत अगदी गोल होतो आणि जबडे सोडले की तीन पाकळ्यांचा होतो. वाईट म्हणजे दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला हे दिसत नाही, तीन पाकळ्यांचा आकार समोरासमोर सगळीकडे जवळपास सारखाच भरतो. तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लावा, नाहीतर मुळातच जॉब चार जबड्यांत किंवा फेसप्लेटवर क्लॅम्पने धरा. बाहेरचा आकार शेवटी काढायचा, तोवर भिंत जाड असू द्यावी.

दुसरी गोष्ट उष्णता. ४० मिमी ॲल्युमिनियम २० अंशांनी तापलं की १८ मायक्रॉनने फुगतं. कट संपल्या संपल्या गेज घातला आणि माप बरोबर आलं म्हणून खूश झालात, तर थंड झाल्यावर बोअर तेवढाच आटलेला असतो. आपला सगळा हिशेब १० मायक्रॉनचा आहे. शेवटच्या कटाआधी जॉब थंड होऊ द्या, चहा पिऊन या. अखेरचा कट धारदार पॉलिश केलेल्या इन्सर्टने (हत्याराचं बदलता येणारं टोक), रॉकेल शिंपडत, ०.१ मिमीचा. मग चकती हातात घेऊन जुळवत होनिंग, म्हणजे बारीक दगडाने घासून माप आणणं.

तिसरी ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर. काळी किंवा लाल केलेली बॉडी देखणी दिसते. पण हार्ड ॲनोडायझिंगचा २५ मायक्रॉनचा थर साधारण निम्मा पृष्ठभागाच्या वर वाढतो, म्हणजे बोअरचा व्यास २५ मायक्रॉनने कमी होतो. चकती बसणारच नाही. रंग हवाच असेल तर बोअर झाकून करून घ्या, किंवा आधी रंग आणि शेवटी बोअर.

जुळवणीत चकती खाचेत सरकवून स्क्रू हलकेच लावा. स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घ्या, चकती चारपाच वेळा झटक्याने बंद होऊ द्या, ती आपली आपण बोअरमध्ये मध्यावर येते. तशीच दाबून धरून स्क्रू आवळा. आता बॉडी दिव्यासमोर धरा. कडेने दिसणारी उजेडाची रेषा सगळीकडून सारखी बारीक असेल तर काम जमलं. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर स्क्रू सैल करून पुन्हा. मग स्टॉप स्क्रू इतकाच पुढे घ्या की चकती बोअरला टेकणार नाही. टेकत राहिली तर रोजच्या आपटण्याने ॲल्युमिनियममध्ये चर पडतो आणि काही महिन्यांत चकती त्या चरात अडकायला लागते.

त्या दोन छोट्या स्क्रूंबद्दल कडक राहा. थ्रॉटलच्या पलीकडे थेट इनलेट व्हॉल्व्ह आहे, मध्ये जाळी नाही. एक स्क्रू सुटला तर तो सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड यांचा हिशेब एका सेकंदात पूर्ण करतो. लॉकटाइट लावा, आणि शिवाय मागून बाहेर आलेलं टोक ठोकून फुलवा. उघडायची वेळ आली तर स्क्रू कापून नवा टाकायचा, तो दोन रुपयांचा आहे. रिटर्न स्प्रिंगही दोन, आणि एक तुटली तरी दुसरीने एकटीने थ्रॉटल बंद करावं एवढी ताकद दोघींत हवी. कॉलेजच्या मुलांच्या फॉर्म्युला स्टुडंट शर्यतींच्या नियमांत हेच लिहिलेलं आहे, आणि चकतीचा कोन मोजणाऱ्या पोझिशन सेन्सरच्या आतली स्प्रिंग तिथे मोजत नाहीत.

चौघांना एकत्र हलवणं

चार चकत्या एकाच लांब शाफ्टवर बसवणं दिसायला नेटकं असतं, पण लांब बारीक शाफ्ट पीळ खातो. पेडलच्या टोकाची चकती उघडते आणि दूरची मागे राहते. किती फरक चालेल? ४० मिमीची चकती बंद अवस्थेपासून अर्धा अंश उघडली की दीड चौरस मिमीहून थोडी जास्त वाट मोकळी होते. स्लोला एका सिलिंडरचा पूर्ण वाटाच अडीच आहे. म्हणजे अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा इंजिनाला जाणवतो. ३० मिमीच्या लिव्हरवर अर्धा अंश म्हणजे पाव मिमी, आणि साध्या एम५ स्क्रूचा एकतृतीयांश फेरा. लिंकेजच्या (चकत्या एकमेकींना जोडणाऱ्या दांड्यांच्या) एखाद्या सांध्यात एवढी ढिलाई सहज असते. म्हणून बॉडी वेगळ्या ठेवायच्या, दोन शेजाऱ्यांमध्ये स्प्रिंगने दाबलेला जुळवणीचा स्क्रू द्यायचा, आणि तो बारीक आट्यांचा घ्यायचा.

ह्याच आकड्यांची दुसरी बाजू म्हणजे पेडल फार हळवं होतं. पहिला एकच अंश उघडला की चौघांतून मिळून १३ चौरस मिमीची भर पडते, म्हणजे आधीचे १० धरून एकूण हवा स्लोच्या दुपटीहून जास्त. ट्रॅफिकमध्ये गाडी उड्या मारत चालते. केबल ज्या पुलीवर येते ती गोल न करता कॅमसारखी करायची, म्हणजे पेडलच्या पहिल्या भागात चकती हळू फिरते आणि पुढे जोरात.

कर्ण्याची लांबी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे एवढंच: नळीत दाबाची लाट आवाजाच्या वेगाने मागेपुढे धावते, आणि ती व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात परत आली तर थोडी जास्त हवा कोंबली जाते. आखूड नळी वरच्या आरपीएमला फळते, लांब नळी खालच्या. दोन-तीन लांबीचे कर्णे टर्न करून डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवून बघणं हाच खात्रीचा मार्ग. कर्ण्याची कड गोल वळवलेली हवी आणि तोंडावर फोमचा फिल्टर हवा. आपल्याकडच्या धुळीत उघडे कर्णे फोटोपुरतेच.

मूळ ईसीयूचा मात्र इथे निरोप घ्यावा लागतो. बऱ्याच छोट्या गाड्यांचा ईसीयू मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे थ्रॉटल आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळ्यांतल्या, दाबावरून हवा ओळखतो. चार थ्रॉटल बसली की तो दाब प्रत्येक स्ट्रोकला वरखाली उसळतो आणि पेडल थोडं उघडताच जवळजवळ वातावरणाइतका होतो, त्यातून काही वाचता येत नाही. मग चकतीचा कोन आणि आरपीएम या दोनच गोष्टींवर पेट्रोलचा तक्ता बांधायचा, ज्याला अल्फा-एन म्हणतात. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारख्या, स्वतः प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीयूंत हे करता येतं. वातावरणाच्या दाबाचा वेगळा सेन्सर विसरू नका. कोनावरून उंची कळत नाही, आणि साधारण १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. खाली रत्नागिरीला नीट चाललेली गाडी वर जाऊन काळा धूर सोडेल.

आणि हे सगळं ट्रॅकच्या किंवा शर्यतीच्या गाडीसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलंय.

शेवटची जुळवणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच, पंखा एकदा चालू होऊन बंद झाल्यावर. प्रत्येक नळीला व्हॅक्यूम गेज किंवा कर्ण्याच्या तोंडावर ठेवायचं हवेचं मीटर लावा. सगळे बायपास स्क्रू सारखे उघडून आधी लिंकेजच्या स्क्रूने चारही वाचनं जवळ आणा, मग बायपासने शेवटचा फरक काढा. त्यानंतर आरपीएम दोन हजारांवर धरून पुन्हा बघा, तिथे बिघडलं तर दोष लिंकेजमध्ये आहे, फटीत नाही. मीटर नसेल तर दोन कार्बोरेटरच्या जमान्यातले मिस्त्री करत तसं करा: रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कर्ण्यात एकाच खोलीवर, आणि चारही ठिकाणची सूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत राहा. सरावलेला कान यात फार चुकत नाही.

गाडी जागची हलवण्याआधी ब्रेक तपासा. ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि एकाच नळीतून त्याला जोड दिली तर तो पुरेसा भरत नाही, वर त्या सिलिंडरचा स्लो बिघडतो. चारही नळ्यांतून बारीक पाइप काढून एका छोट्या डबीत एकत्र आणा, डबीपासून बूस्टरपर्यंत एकमार्गी व्हॉल्व्ह ठेवा. इंजिन स्लोला चालू ठेवून ब्रेक लागोपाठ चारपाच वेळा दाबा. पेडल प्रत्येक वेळी तेवढंच हलकं लागलं पाहिजे. शेवटी जड होत गेलं तर पाइप जाड करा किंवा डबी मोठी करा, आणि तोवर गाडी स्टँडवरून खाली उतरवू नका.